शांभवीचे अकरा दिवस

क्रांतीनं पैरे फेडायला काढले आणि तिथंच सगळं बिनसलं.

तोवर निरोपाचं काम झकास चाललं होतं. रडारड होती, नाही असं नाही, पण ती रीतीची. गल्लीतल्या बायका यायच्या, बांधलेल्या खोक्यांवर टेकायच्या, "राजकोट म्हंजे किती लांब गं बाई?" असं चौथ्यांदा विचारायच्या, डोळ्याला पदर लावायच्या आणि उठता उठता "ह्यो पाटा-वरवंटा नेणार हाईस, का ठेवणार?" एवढं विचारून घ्यायच्या. क्रांतीला त्याचं काही वाटत नव्हतं. ती स्वतः कुणाच्या निरोपाला गेली असती तरी तिनंही आधी पाटाच बघितला असता.

तिचा नवरा यशराज शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत भट्टीवर सुपरवायझर होता. आठवडाभर तिकडंच खोलीवर राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी चंदगडच्या एसटीनं गावी यायचा. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, पण सगळे रविवार एकत्र केले तर संसार सव्वा वर्षाचाच भरला असता. पोरगी राजनंदिनी सहा वर्षांची. बाप दारात दिसला की ती म्हणायची, "बसा, पाणी आणते." पाहुण्याला म्हणावं तसं. त्यामुळं राजकोटच्या फौंड्रीनं नोकरी आणि वर राहायला दोन खोल्या देऊ केल्यावर त्यानं एका झटक्यात होय म्हणून टाकलं, आणि क्रांतीनंही. सासू गेल्या वर्षी वारली होती. घराला कुलूप घालायचं, वड्याकडचं, म्हणजे ओढ्याकाठचं, वीस गुंठं रान गावातल्या उदयसिंहला खंडानं द्यायचं आणि मे संपायच्या आत निघायचं, असं ठरलं. रानाचं यशराजनंच फोनवर ठरवलं. क्रांती तेव्हा भांडी बांधत होती. ती नुसती "बरं" म्हणाली.

राहता राहिले पैरे. आता ज्यानं जन्मात चिखलात पाय घातला नाही त्याला पैरा कळायला वेळ लागतो, पण गोष्ट सोपी आहे. मजुरीला बाई मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही, आणि पिकलेलं भात कुणासाठी थांबत नाही. मग आज पाचजणी मिळून माझ्या रानात, उद्या त्याच पाचजणी तुझ्या. तू माझ्यात दिवसभर राबलीस की तुझा एक पैरा माझ्यावर चढला. मी तुझ्यात राबले की तो फिटला. वहीत नाही, कागदावर नाही, सगळं डोक्यात. आणि बायकांच्या डोक्यातलं काही पुसलं जात नाही, हे कुणाला सांगायला नको.

पुरावा हवा तर बाळाप्पाची थोरली सून घ्या. आठ वर्षांपूर्वी ती पुण्याला गेली ती चिमणाबाईचा एक दिवसाचा पैरा ठेवून. सोयाबीन काढायचा दिवस होता. आज तिचा तिकडं फ्लॅट आहे, नवरा बँकेत साहेब आहे, पोरगा इंजिनिअर व्हायला निघालाय. पण गावात तिचं नाव निघालं की पहिलं वाक्य ठरलेलं. "ती व्हय? ती पैरा बुडवून गेली." क्रांतीनं हे वाक्य वर्षाला पाच वेळा तरी ऐकलं होतं आणि दोनदा स्वतःच म्हटलं होतं. आपल्यामागं असलं काही राहू द्यायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं. एक घाव दोन तुकडे. कुणाचं काही ठेवायचं नाही, ताठ मानेनं जायचं.

पहिल्यांदा ती चिमणाबाईकडं गेली. चिमणाबाई सत्तरीची, पैऱ्याच्या बायकांची म्होरकी. नांगरलेल्या रानातली धसकटं वेचायचं काम चाललं होतं. क्रांती पदर खोचून उतरली आणि म्हणाली, "आत्ती, तुमचा एक हुता माझ्यावर. आज फेडून टाकते."

चिमणाबाईनं मान वर करून तिच्याकडं बघितलं. "फेडून टाकतीस?"

"व्हय. जायच्या आधी मोकळं झालेलं बरं."

"व्हा बाई मोकळी," चिमणाबाई म्हणाली. एरवी दिवसभर तोंडाचा पट्टा सुरू असणारी बाई, त्या दिवशी दुपारपर्यंत दहा शब्द बोलली नाही. दहाचा चहा मात्र आला, दुपारी भाकरी आणि कोरड्यास आलं. पैऱ्याला आलेल्या बाईला रानमालकिणीनं चहा द्यायचाच असतो. चहा नाही तर तो दिवस पैऱ्यात धरत नाहीत. क्रांतीनं चहा घेतला, मनातल्या मनात चिमणाबाईचं नाव खोडलं आणि हलकी होऊन घरी आली.

तिसऱ्या दिवशी ती वड्याकडच्या रानावरनं चालली होती. एप्रिलात, जायचं ठरायच्या आधी, तिनं तिथं शेणखताचा ढीग टाकून घेतला होता. बघते तर ढीग गायब. सगळं खत रानभर एकसारखं विस्कटलेलं, आणि बांधावर चिमणाबाई पाटी उपडी घालून तिच्यावर बसलेली.

"आत्ती, हे काय केलंत?"

"डोळं हायेत नव्हं? खत विस्कटलं."

"पर का? मी कुठं बोलिवलं तुमाला?"

"न्हाय बोलिवलंस म्हणून काय झालं? एक दिस झाला बघ माझा तुझ्यावर," असं म्हणून चिमणाबाई पाटी डोक्यावर घेऊन चालायला लागली. क्रांतीनं कपाळावर हात मारला. आता हा कधी फेडायचा? म्हातारी चळली, असं तिला खरोखर वाटलं. अक्काताईच्या बाबतीतही तेच. तिच्या उसात क्रांती तण काढत दिवसभर भांगलून आली, आणि दुसऱ्या दिवशी अक्काताईनं क्रांतीच्या रानाचा ढासळलेला बांध कुणी न सांगता नीट करून टाकला. इथं शहाण्या माणसाला शंका आली असती. पण क्रांतीच्या डोक्यात राजकोटची गाडी शिरली होती. ती फक्त चिडली.

खरा डोंगर पुढंच होता, आणि तो शांभवीचा होता.

शांभवी समोरच्या घरातली सून, मल्लेशची बायको. दोघींची लग्नं एकाच महिन्यातली. शांभवी सीमेपलीकडची, घरात कानडी बोलणारी. आली तेव्हा तिला मराठी धड येत नव्हतं, आणि कागलकडच्या उसाच्या गावातनं आलेल्या क्रांतीला भाताचं रोप धड लावता येत नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात चिमणाबाईनं दोघींना एकाच दमात शिव्या घातल्या. शांभवीला शिव्या कळल्या नाहीत, म्हणून क्रांतीनं त्या हळूच समजावून सांगितल्या, आणि चिखलात उभ्या उभ्या दोघी हसत सुटल्या. त्या दिवसापासनं ह्यांचं जे जमलं ते जमलंच. क्रांतीचं बाळंतपण झालं तेव्हा शेक-शेगडी शांभवीनं केली. शांभवीचं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा तिच्या शेजारी क्रांती झोपली, पंधरा दिवस. नवरे दोघींना होते, पण मनातलं बोलायला दोघींना दोघीच होत्या.

दोन वर्षांपूर्वी ऐन सुगीत क्रांतीच्या सासूला अर्धांगाचा झटका आला. क्रांती तिला घेऊन कोल्हापूरला दवाखान्यात. इकडं भात पिकून वाकलेलं, आभाळ भरून आलेलं. शांभवीनं स्वतःचं रान तसंच ठेवून क्रांतीचं भात कापलं, झोडपलं, वारं दिलं, पोती भरून घरात लावली. एकटीनं. अकरा दिवस. तिच्या स्वतःच्या भाताला तेवढ्यात पाऊस लागला आणि निम्मं काळं पडलं. त्यावर ती एक अक्षर बोलली नाही. क्रांतीनं विषय काढला की म्हणायची, "गप गं. भाकरी खा."

तेव्हा मंगळवारी दुपारी क्रांती तिच्या दारात गेली आणि म्हणाली, "उद्याधरनं तुझ्या उसात येते भांगलाय. तुझे तेवढे फेडायचं राहिलंत."

शांभवी तांदूळ निवडत होती. "माझे कसले?"

"अगं, अकरा दिवस. सुगीचे. सगळे न्हाय जमायचे, पर जमतील तेवढे तरी."

शांभवीचा हात थांबला. "कुणी मोजलंत?"

"मी मोजलंत की."

"मी न्हाय मोजलं," शांभवी म्हणाली, सूप उचललं आणि आत गेली. दार लावलं नाही, पण बाहेरही आली नाही. क्रांतीला वाटलं, भिडस्त आहे, दुसरं काय.

बुधवारी पहाटे फटफटायला ती शांभवीच्या उसात हजर. खुरपं तिचं स्वतःचं. उन्हं वर आली, दहा वाजले, चहा आला नाही. शांभवी बांधापर्यंत आली, उभी राहिली, बघितलं आणि परत गेली. दुपारी भाकरी नाही. क्रांतीनं पिशवीतले शेंगदाणे खाल्ले आणि संध्याकाळपर्यंत रेटलं. गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. पाठ मोडून आली होती, हाताला फोड आले होते आणि डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं ते उन्हानं नव्हे. नऊ वर्षांत शांभवीनं तिला कधी बिनचहाची ठेवली नव्हती. मी चाललेय म्हणून हिला राग आलाय, असं ती स्वतःला सांगत होती. राग आला तर भांड की बाई! कोल्हापूरच्या मातीतली माणसं आपण, तोंड उघडून बोलायची सोय असताना ही मुकी का झाली? सोमवारी निघायचं होतं, आणि शांभवीशी न बोलता निघायचं म्हणजे क्रांतीला अर्धं काळीज इथंच टाकून गेल्यासारखं होतं.

शनिवारी सकाळी शांभवी आली. बांधावर न थांबता थेट सरीत शिरली आणि क्रांतीच्या हातातलं खुरपं हिसकावून घेतलं.

"बास! हात लावू नगंस माझ्या उसाला."

"अगं पर..."

"वड्याकडचं रान उदयसिंहला दिलंस म्हणं?"

क्रांती गडबडली. "व्हय. म्हंजे ह्यांनी दिलं. खंडानं. मी तिकडं, इथं कोण करणार?"

"कोण करणार?" शांभवीचा आवाज चढला. चढला की तिच्या मराठीत कानडी हेल यायचा, तो आता आला. "मला इचारलंस? एका शब्दानं? मी गावात हुते का मेलते? चिमणाआत्तीचा पैरा फेडलास, अक्काताईचा फेडलास, आता माझा फेडतीस. रान दिलंस, घराला कुलूप घालतीस. म्हंजे झालं. मग तुझं ह्या गावात राहिलं काय गं? माझं तुझ्यात राहिलं काय?"

"मी तर म्हणून... मागनं कुणी नाव ठेवू नये म्हणून..."

"जा," शांभवी म्हणाली. "मोकळी झालीस न्हवं? जा मोकळी." आणि खुरपं बांधापलीकडं फेकून ती निघून गेली.

क्रांती सरीतच खाली बसली. किती वेळ बसली कुणास ठाऊक. वरच्या वाटेनं चिमणाबाई शेरडं घेऊन चालली होती, तिनं बघितलं आणि वरनंच हाक मारली. "काय गं, सरीत अंडी घालतीस काय?"

एरवी क्रांती हसली असती. आज तिला हुंदका आला. चिमणाबाई खाली उतरली, शेजारी बसली, सगळं ऐकून घेतलं आणि मग नेहमीसारखं खडसावलं.

"अगं येडे, पैरा सगळाच्या सगळा कोण फेडतं? वाटण्या हुऊन भाऊ भाऊ कोर्टात गेलं की मग फेडत्यात, तुझं नगं माझं नगं म्हणत. ती काडीमोड असती बाई. नात्यात ऱ्हाणाऱ्याचं थोडं तुझ्याकडं, थोडं माझ्याकडं, असं लोंबकळत ठेवायचं असतंय. मी तुझं खत उगंच विस्कटलं काय? माझं कंबरडं मोडलं त्यात!"

"आनि बाळाप्पाची सून? तिला तुम्हीच आठ वर्सं नावं ठेवता की."

"ठेवतोच," चिमणाबाई म्हणाली. "म्हणूनच तर तिचं नाव हाय गावात. फेडून गेली असती तर कोण कुत्रं इचारत हुतं तिला? गेल्या दिवाळीला आलती. म्हणाली, आत्ती, तुमचा सोयाबीनचा दिस राहिलाय. मी म्हटलं, राहू दे तसाच, पुढच्या खेपंला बघू. लई हसलो दोघी."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं क्रांतीला झालं. जी माणसं तिला धरून ठेवायला धडपडत होती त्यांची बोटं ती एक एक करून सोडवत बसली होती. आणि ज्या बाईनं स्वतःचं भात काळं होऊ दिलं, तिच्यापुढं जाऊन आपण 'अकरा' म्हणून आकडा टाकला. तिला स्वतःची एवढी लाज वाटली की चिमणाबाईच्या लुगड्यात तोंड लपवून ती मोठ्यानं रडली.

संध्याकाळी यशराज आला. शेवटचा पगार, साहेबांनी दिलेली पेढ्यांची पेटी, चेहऱ्यावर सगळं मार्गी लागल्याचा आनंद. क्रांतीनं त्याला पाणी दिलं आणि पेला खाली ठेवायच्या आत म्हणाली, "अहो, रान उदयसिंहला द्यायचं न्हाय."

"म्हंजे? शब्द दिलाय मी त्याला."

"मग परत घ्या."

"क्रांती, काय पोरखेळ लावलाईस? राजकोटात बसून तू भात लावणार हाईस काय?"

"मी न्हाय. शांभवी, आत्ती, अक्काताई लावतील. बी माझं, रान माझं, त्यांचा पैरा माझ्यावर. भात त्यांनी वाटून न्यायचं, आपल्याला एक पोतं ठेवायचं. आनि सुगीला मी येणार कापायला. दरसाल."

"लोक हसतील. एवढ्या लांबनं भात कापाय येती म्हणून."

"हसू देत की. नऊ वर्सं ते रान मी केलंय. तुम्ही रविवारी बांधावरनं बघितलंय. मला इचारलंसुद्धा न्हाय आनि देऊन मोकळं झालासा. चूक माझीबी हाय, मी 'बरं' म्हटलं. आता न्हाय म्हणतीया."

यशराजनं पेला खाली ठेवला. भट्टीवर तापलेलं लोखंड बघून बघून त्याला एवढं कळत होतं, की कुठल्या वेळी मध्ये हात घालायचा नसतो. त्यानं फोन लावला. पलीकडनं उदयसिंहचा खणखणीत आवाज आला, "भावा, शब्द म्हंजे शब्द! मी उसाचं बेणं सांगून बसलोय."

क्रांतीनं फोन स्वतःच्या हातात घेतला. "भावजी, शब्द ह्यांचा हुता, रान माझ्या हाताखालचं हाय. माझी चूक झाली, पदर पसरते. दुसरीकडं बघा." उदयसिंह थोडा वेळ कुरकुरला, मग म्हणाला, "वैनी, तुमी म्हणताय म्हणून सोडतो. येताना गुजरातचं फरसाण आणा." आणि फोन ठेवला.

हे सोपं होतं. अवघड ते पुढंच. रविवारी संध्याकाळी सामान 'छोटा हत्ती' टेम्पोत भरून कोल्हापूरला ट्रान्सपोर्टवर गेलं आणि मोकळ्या घरात उभं राहवेना, तेव्हा क्रांती समोरच्या गोठ्यात गेली. शांभवी म्हशीची धार काढत होती. तिनं मान वळवली नाही.

"शांभवी, माझं चुकलं," क्रांती म्हणाली. "फेडायचं न्हाय मला. फिटणारबी न्हाय. रान दिलेलं परत घेतलंय. पुढच्या आठवड्यात पावसाआधीची धूळवाफेची पेरणी आली. मी इथं न्हाय. माझ्या पैऱ्याला येशील? कवा फेडीन ते मला ठावं न्हाय. फेडीन का न्हाय, तेबी ठावं न्हाय. तरी मागाय आलीया."

चरवीत धारेचा आवाज येत होता. तो तसाच चालू राहिला. धार संपली, शांभवी उठली, चरवीवर फडकं टाकलं.

"झालं बोलून?" तिनं विचारलं.

"झालं."

शांभवी आत गेली. क्रांती गोठ्याच्या दारात थोडा वेळ उभी राहिली. आतनं कुणी हाक मारली नाही. ती घरी आली आणि राजनंदिनीला पोटाशी घेऊन सतरंजीवर पडून राहिली. मागितलं होतं. द्यायचं की नाही हे आता शांभवीच्या हातात होतं, आणि ती 'नाही' म्हणाली असती तरी तिचं काही चुकलं नसतं.

सोमवारी सकाळी मल्लेश व्हॅन घेऊन आला. कोल्हापूर स्टेशनपर्यंत सोडायचं त्यानंच ठरवलं होतं. गल्ली गोळा झाली. अक्काताईनं ओटी भरली. चिमणाबाईनं राजनंदिनीच्या हातात दहाची नोट कोंबली आणि "तिकडं जाऊन गुजरातीत भांडाय शीक" असा आशीर्वाद दिला. क्रांती सगळ्यांच्या पाया पडली, गळ्यात पडली, आणि सारखी समोरच्या दाराकडं बघत राहिली. दाराला कडी होती.

"मल्लेशभाऊ, ती?"

मल्लेश गाडीची काच पुसत होता. पुसलेलीच काच त्यानं पुन्हा पुसली. "पहाटंच भाईर पडली. काम हाय म्हणाली."

काम! शेवटच्या दिवशीसुद्धा हिला तोंड दाखवावंसं वाटलं नाही. चिमणाबाई काहीतरी म्हणत होती, ते तिला ऐकू आलं नाही. यशराजनं तिला हाताला धरून गाडीत बसवलं, दार लावलं, आणि गाव मागं पडायला लागलं. देऊळ गेलं, शाळा गेली, दूध डेअरी गेली. क्रांतीनं डोळे मिटून घेतले. तिला काहीच बघायचं नव्हतं.

वड्याच्या मोरीवर मल्लेशनं गाडी सावकाश केली. कुणी सांगितलं नव्हतं.

"आई," राजनंदिनी म्हणाली, "शांभवीमावशी आपल्या रानात काय करतीया?"

क्रांतीनं डोळे उघडले. वीस गुंठ्यांच्या त्या तुकड्यात एकटी शांभवी होती. डोक्याला फडकं बांधलेलं, कंबर वाकलेली. बांधाला धसकटांचा गुडघाभर ढीग लागला होता, निम्मं रान वेचून साफ झालेलं. पहाटेपासनं लागली असणार. गाडी थांबायच्या आत क्रांतीनं दार उघडलं, आणि ओटीचे तांदूळ सांडत ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. मध्ये चर होता. चराच्या अलीकडनंच तिनं हाक मारली.

"शांभवी!"

शांभवी सरळ झाली. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात धसकटांचा जुडगा. तिचं तोंड घामानं आणि मातीनं भरलेलं होतं, आणि डोळे रडून सुजलेले इतक्या लांबनंही दिसत होते.

"काय गं!" तिथनंच ती ओरडली. "नांगरट कुणाकडनं करून घेतलीस? नुसती धसकटं! आजचा अख्खा दिस जाणार माझा ह्यात."

क्रांतीनं नुसती मान हलवली.

"अकरा हुतं सुगीचं," शांभवी आणखी मोठ्यानं ओरडली, सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं. "आजचा धरून बारा! पेरणीचं आनि भांगलणीचं निराळं. ऐकलंस काय?"

"ऐकलं!" क्रांती ओरडली. रडत होती, हसत होती, काय करत होती तिचं तिला कळत नव्हतं. "ऐकलं गं बाई!"

"मग जा की आता! गाडी चुकंल!"

एवढं बोलून शांभवी पाठ फिरवून पुन्हा खाली वाकली आणि धसकटं उपटायला लागली. क्रांती मात्र जागची हलली नाही. यशराजनं दोनदा हाक मारली, मल्लेशनं गाडी बंद केली, आणि ती रस्त्याच्या कडेला उभी राहून हमसून हमसून रडत राहिली.